येथवरच्या साह्याचें स्मरण

आषाढ संपत आला आणि घाटमाथ्यावर ढग दाटून बसले, कीं बदलापूरच्या रहिवाशांची दृष्टि वारंवार उल्हास नदीकडे वळते. इतर ऋतूंत शांतपणें वाहणारी ही नदी पावसाळ्यांत केव्हां रूप पालटील याचा नेम नसतो, हें तेथील वृद्धांना कोणी सांगावें लागत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच सुमारास उल्हास नदीच्या पुराचें पाणी बदलापूर व कल्याण येथील सखल वस्त्यांत शिरलें. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं कोल्हापुराकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकून पडली. तींतील सुमारें १०५० प्रवाशांची नौकांच्या साह्यानें सुटका करावी लागली. त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या.

पूर ओसरतो, भिंतीवरील चिखलाची रेघ पुसली जाते, घरें पुन्हां रंगविलीं जातात. परंतु मनांतील रेघ तशीच राहते. पुढच्या पावसाळ्यांत ती रेघ मनुष्याला काय सांगते, हा खरा प्रश्न आहे. पाणी किती चढलें होतें एवढेंच ती सांगते, कीं पाणी तितकें चढलें असतांहि घरांतील माणसें वाचलीं, हेंहि सांगते? पहिल्या स्मृतीनें भय उपजतें. दुसरीनें तें भय नाहींसें होत नाहीं. पण त्या भयाच्या शेजारीं आणखी कांहीं तरी येऊन बसतें. कॅथलिक ख्रिस्ती जीवनांत या दुसऱ्या स्मृतीला मोठें स्थान आहे. देवानें पूर्वीं केलेल्या साह्याचें स्मरण करणें हा श्रद्धा बळकट करण्याचा एक राजमार्ग मानला जातो. तो मार्ग कसा आहे, आणि त्यावर अडखळण्याच्या जागा कोणत्या, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम एक भेद ध्यानीं घ्यावा. आठवण आपोआप येते. स्मरण करावें लागतें. मनुष्याच्या मनाची घडणच अशी कीं संकटाची नोंद त्यावर खोल उमटते आणि उपकाराची नोंद लौकर पुसट होते. लूककृत शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाहि जण बरे झाले. परत येऊन आभार मानणारा एकच निघाला, आणि तोहि शोमरोनी, म्हणजे यहुदी समाजानें परका मानलेला. उरलेले नऊ जण दुष्ट होते असें ती कथा कोठेंहि म्हणत नाहीं. ते बहुधा आपापल्या संसाराला लागले असावेत. कृतघ्नपणाचें सर्वांत सामान्य कारण दुष्टपणा नसून लगबग हें आहे, आणि सकाळीं सहाच्या लोकलनें कामावर जाणाऱ्या माणसाला तें निराळें समजावून द्यावयास नको.

या विस्मरणावर इस्राएल लोकांनीं योजलेला उपाय अगदीं साधा होता: दगड. यहोशवाच्या ग्रंथांत सांगितलें आहे कीं, कापणीच्या दिवसांत यार्देन नदी दुथडी भरून वाहत असतां लोक तिच्या कोरड्या झालेल्या पात्रांतून पार गेले, आणि जातांना बारा वंशांच्या बारा पुरुषांनीं पात्रांतून एकेक दगड खांद्यावर उचलून नेला. ते दगड गिलगाल येथें उभे करण्यांत आले. त्यांचा हेतुहि तेथेंच सांगितला आहे: पुढें मुलें विचारतील कीं हे दगड कसले, तेव्हां वडिलांनीं त्यांना ती हकीगत सांगावी. दगड स्वतः कांहींच बोलत नाहीं. तो केवळ प्रश्न उत्पन्न करतो. उत्तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं द्यावयाचें असतें, आणि तें देणारें कोणी उरलें नाहीं, तर दगड पुन्हां नुसता दगड होतो.

दुसरा दगड शमुवेल संदेष्ट्याचा. पलिष्टी सैन्याचा पराभव झाल्यावर त्यानें मिस्पा व शेन यांच्या मध्यें एक दगड उभा केला आणि त्याला ‘एबन-एजर’ म्हणजे साह्याचा दगड असें नांव दिलें. परमेश्वरानें येथवर साह्य केलें, असा त्याचा अर्थ त्यानें लोकांना सांगितला. या प्रसंगांत दोन गोष्टी सहज नजरेंतून निसटतात. पहिली ही कीं, त्याच ग्रंथांत कांहीं अध्याय आधीं एबन-एजर हेंच नांव एका दारुण पराभवाच्या वर्णनांत येतें; तेथेंच इस्राएलांचा तळ होता, आणि त्या युद्धांत त्यांचा पवित्र कोशहि शत्रूच्या हातीं पडला. जें नांव पराजयाच्या कथेंत आलें, तेंच पुढें साह्याचें नांव म्हणून स्थापिलें गेलें. दुसरी गोष्ट ‘येथवर’ या शब्दाची. पुढें काय होईल याचें आश्वासन त्यांत नाहीं. वाट चालत आलेला मनुष्य क्षणभर थांबून मागें पाहतो, आणि आलों तो एकटाच आलों नाहीं एवढें म्हणतो. स्मरणाचा आवाका तेवढाच असतो, आणि त्याचें बळहि तेथेंच असतें.

कॅथलिक उपासनेच्या केंद्रस्थानीं असलेला विधिच मुळीं स्मरणाचा आहे. मिसर देशांतील दास्यांतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून यहुदी लोक वल्हांडण सण पाळीत आले. त्याच सणाच्या वातावरणांत, ज्या रात्रीं त्याचा विश्वासघात झाला त्या रात्रीं, येशूनें शिष्यांबरोबर शेवटचें भोजन केलें आणि आपल्या स्मरणार्थ तसें करीत जावें अशी त्यांना आज्ञा केली. पवित्र मिस्सा ती हीच. येथें मूळ ग्रीक शब्द ‘अनाम्नेसिस’ असा आहे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथांत त्याचा अर्थ असा विशद केला आहे कीं, पवित्र शास्त्राच्या दृष्टीनें स्मरण म्हणजे होऊन गेलेल्या घटनेची केवळ उजळणी नव्हे. स्मरणविधींत ती घटना एका अर्थानें वर्तमान होते. वल्हांडणाला बसलेला यहुदी मनुष्य, आपणच मिसरांतून निघालों आहों, अशा भावनेनें बसतो. मिस्सेस उभा राहिलेला ख्रिस्ती मनुष्य क्रूसाच्या पायथ्याशीं उभा असतो. श्रद्धा बळकट होते ती यामुळें कीं, ज्याचें साह्य आठवावयाचें तो दूरच्या इतिहासांतला राहत नाहीं.

हा विचार मराठी भाषेंत फार जुन्या काळीं उतरलेला आहे. इंग्लंडांतून १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूनें ओवीवृत्तांत ‘क्रिस्तपुराण’ रचलें, आणि तें १६१६ मध्यें प्रथम छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत: पहिल्यांत जुन्या करारांतील कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांपुढें केवळ नियमांची यादी न ठेवतां, देवानें मनुष्यजातीला पिढ्यान् पिढ्या कसें सांभाळलें याची सलग कथा त्यांच्याच भाषेंत ठेवावी, ही त्यांतील दृष्टि होती. सतराव्या शतकांतील छापील आवृत्तींची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांमुळें, आणि त्यांच्या आधारें १९०७ मध्यें मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं तो पुन्हां छापून काढला. छापील प्रति नष्ट झाल्या आणि लोकांनीं हातानें उतरून ठेवलेलें टिकलें, ही गोष्ट स्मरणाच्या विषयांत तरी बोधप्रद आहे.

मुंबईच्या जुन्या गांवठाणांत याच स्मरणाचें दगडी रूप पाहावयास मिळतें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या वैद्यानें गांठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगाचे, रोगी ओळखले; त्यानंतर कित्येक वर्षें त्या रोगानें शहराला ग्रासलें. त्या काळीं वांद्रें, गिरगांव, माझगांव इत्यादि ठिकाणच्या ख्रिस्ती वस्त्यांनीं चौकाचौकांत क्रूस उभारले. कांहीं साथ टळावी म्हणून, तर कांहीं साथींतून वांचल्याबद्दल कृतज्ञतेनें उभारले गेले. पूर्वीच्या धार्मिक पंचांगांत ३ मे हा क्रूसशोधाचा सण असे. १९६० मध्यें तो सर्वसाधारण पंचांगांतून वगळण्यांत आला. तथापि मे महिन्यांत क्रूसाला फुलांनीं सजवून संध्याकाळीं शेजाऱ्यांनीं एकत्र प्रार्थना करण्याची चाल अनेक गांवठाणांत टिकून राहिली. ज्यांनीं साथ पाहिली त्यांपैकीं कोणी आज हयात नाहीं. पण क्रूसाभोंवतीं उभें राहिलेलें मूल अजूनहि विचारतें कीं हा येथें कां. आणि गिलगालचा प्रश्न गांवठाणाच्या गल्लींत पुन्हां ऐकूं येतो.

मध्य रेल्वेच्या या पट्ट्यांतील ख्रिस्ती समाजाची स्थिति मात्र निराळी आहे. त्याचा मोठा भाग बाहेरून येऊन वसलेला. कोणी गोव्याहून, कोणी मंगळुराहून, कोणी वसईहून, कोणी केरळ वा तमिळ प्रदेशांतून कारखान्यांतील कामाच्या निमित्तानें आला. अंबरनाथास फातिमा मातेचें देवालय आहे; पोर्तुगालांतील फातिमा गांवीं १९१७ सालीं मे ते ऑक्टोबर या महिन्यांत तीन मेंढपाळ मुलांना झालेल्या दर्शनाची स्मृति त्यांत जपली आहे. सीरो-मलबार कॅथलिकांसाठीं कल्याण येथें ३० एप्रिल १९८८ रोजीं स्वतंत्र धर्मप्रांताची स्थापना झाली. अशा समाजाच्या घराजवळ पूर्वजांनीं उभारलेला क्रूस नसतो. आजोबांच्या कबरी दूर कोठें तरी असतात. त्यानें स्मरणाचा दगड कोठें शोधावा?

याचें अर्धें उत्तर शेजारींच आहे. उल्हासनगर ही मुळांत दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीचें उल्हासनगर असें नामकरण झालें. घर, शेत, दुकान आणि नदी हीं सर्व मागें टाकून आलेल्या त्या लोकांनीं चाळीहो मात्र बरोबर आणला. छळाच्या काळीं पूर्वजांनीं सिंधूच्या तीरीं चाळीस दिवस उपासना केली आणि झूलेलाल त्यांच्या साह्यास आले, अशी त्यांची परंपरा. तिच्या स्मरणार्थ जुलै-ऑगस्टांत चाळीस दिवसांचें व्रत आजहि उल्हासनगरांत पाळलें जातें. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा निराळी असली, तरी त्यानें शेजाऱ्याकडून एवढें शिकण्यासारखें आहे कीं, जें नदीच्या तीरावर घडलें त्याचें स्मरण नदी सोडून आल्यावरहि चालूं ठेवतां येतें. स्मरणाचा दगड खांद्यावरून नेतां येतो. यार्देनच्या पात्रांतून तो तसाच तर नेला होता.

येथपर्यंतची मांडणी सरळ दिसते. पण ती ऐकून एखाद्या घरांतून असा प्रश्न येईल कीं, ज्यांना साह्य मिळालें त्यांनीं स्मरण करावें हें ठीक. ज्यांना मिळालें नाहीं त्यांनीं काय करावें? २००५ च्या पुरांत सर्वच वांचले नाहींत. प्लेगाच्या साथींत क्रूसापुढें गुडघे टेकणाऱ्यांपैकींहि कित्येक मरण पावले असतील. शेजारचें घर रितें झालें असतां आपलें वांचलें म्हणून देवाचे आभार मानणें, हें त्या रित्या घराचा अपमान करणें नव्हे काय? आणि अनुकूल तेवढें मोजून प्रतिकूल सोडून द्यावयाचें, याला श्रद्धा म्हणावें कीं आत्मवंचना?

हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि पवित्र शास्त्र त्याला टाळीत नाहीं. स्तोत्रसंहितेंतील ७७ वें स्तोत्र पाहावें. त्यांतील भक्त रात्रभर तळमळतो. देवाची आठवण त्याला प्रथम सांत्वन देत नाहीं, उलट कण्हावयास लावते. देव दया करावयास विसरला काय, असें तो विचारतो, आणि तो प्रश्न विचारून झाल्यावरच पूर्वींच्या कृत्यांच्या स्मरणाकडे वळतो. ४४ व्या स्तोत्रांत लोक वाडवडिलांनीं सांगितलेलीं साह्याचीं कृत्यें आठवतात आणि त्याच आठवणीच्या बळावर देवाला जाब विचारतात. ८८ वें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. त्याला शेवटीं आशेचें कडवें जोडण्याचा मोह कोणाला झाला नाहीं. याच संहितेंत १३६ वें स्तोत्रहि आहे, ज्याच्या सव्वीस कडव्यांपैकीं प्रत्येकांत देवाच्या अक्षय दयेचें पालुपद येतें. चारहि स्तोत्रें एकाच ग्रंथांत ठेवलेलीं आहेत. कृतज्ञता आणि विलाप यांची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते. दोन्ही एकाच देवापुढें मांडावयाचीं असतात, असा त्याचा अर्थ होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ख्रिस्ती स्मरणाचा मध्यबिंदु हा टळलेला मृत्यु नाहीं. गेथशेमानीच्या बागेंत येशूनें संकट टळावें म्हणून प्रार्थना केली, आणि तें टळलें नाहीं. पुनरुत्थान आलें तें मृत्यूच्या पलीकडून. म्हणून मिस्सेंत स्मरण करणारा मनुष्य, मागच्या वेळीं वांचविलेंस तसेंच या वेळींहि वांचीव, असा हक्क सांगत नसतो. साह्य कोणत्या प्रकारें येईल हें पूर्वींच्या साह्यावरून कळत नाहीं. साह्य करणारा कसा आहे, एवढें मात्र कळतें. नवस आणि स्मरण यांतील अंतरहि येथेंच दिसतें. वांद्र्याच्या माउंट मेरीस सप्टेंबरांतील सणाला मेणाचे हात, पाय वा घरें वाहिलीं जातात. वाहणाराच्या मनांत ती देण्याघेण्याची फेड असेल, तर पुढच्या वेळीं मनाजोगतें न घडतांच श्रद्धा ढांसळते. तीच वस्तु उपकाराची खूण म्हणून वाहिली, तर न घडलेल्या गोष्टीचें ओझेंहि तिच्या आधारानें उचलतां येतें.

आणि ज्या घरांत दुःख इतकें ताजें आहे कीं स्मरण करण्याचें बळच नाहीं, त्याचें काय? केरळीय ख्रिस्ती कुटुंबांत पवित्र गुरुवारीं ‘पेसहा अप्पम्’ ही बेखमीर भाकरी घरीं करण्याची रीति आहे. रात्रीं प्रार्थना करून घरांतील कर्ता पुरुष ती मोडतो आणि वयाच्या क्रमानें सर्वांना वांटतो. परंतु ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला असेल, तेथें ती भाजण्याची पद्धत नाहीं. नातलग किंवा शेजारी आपल्या घरची भाकरी त्या घरीं नेऊन देतात. वरील आक्षेपाला याहून समर्पक उत्तर सुचणें कठीण. रित्या झालेल्या घरानें बळेंच आभार मानावेत अशी अपेक्षा येथें कोणी करीत नाहीं. त्या वर्षापुरतें त्याच्या वतीनें शेजारी स्मरण करतात, आणि तें स्मरण हातांत घेऊन त्याच्या दारीं जातात. ज्यांचें घर वांचलें त्यांच्या कृतज्ञतेची कसोटीहि हीच: ती शेजारच्या दारापर्यंत जाते कीं आपल्याच उंबरठ्याशीं थांबते.

नित्याच्या जीवनांत हें स्मरण कसें करावें, यासंबंधीं ख्रिस्तसभेची शिकवण फार व्यवहारी आहे. लोयोलाच्या संत इग्नेशियसनें सोळाव्या शतकांत आत्मपरीक्षणाची जी पद्धति घालून दिली, तिची पहिली पायरी दोषांची यादी ही नाहीं. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, ही आहे. रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं दिवसभरांतील दोन-तीन उपकार नांवानिशीं आठवावेत. ‘सर्व कांहीं’ म्हणून आभार मानणारा बहुधा कांहींच आठवीत नसतो. वर्षाच्या शेवटीं, ३१ डिसेंबरला, देवालयांत ‘ते देउम’ हें उपकारस्तवन म्हणण्याची प्रथा आहे. त्या दिवशीं कुटुंबानें एकत्र बसून सरत्या वर्षांतील बऱ्यावाईट गोष्टी एका वहींत लिहाव्यात. आजार लिहावा, आणि त्या वेळीं रात्रीं दवाखान्यांत कोण सोबतीस बसलें तेंहि लिहावें. नोकरी गेल्याचें लिहावें, आणि कोणीं न मागतां धान्य आणून दिलें तें लिहावें. बाप्तिस्म्याची तारीख वाढदिवसाप्रमाणें ध्यानांत ठेवावी. २ नोव्हेंबरला मृतांचें स्मरण करतांना त्यांच्या आयुष्यांत आलेल्या साह्याची एक तरी हकीगत मुलांना सांगावी.

अशा वहीचा उपयोग सुखाच्या दिवसांत फारसा जाणवत नाहीं. घरांत चूल पेटलेली आहे, मुलें शाळेंत आहेत, गाडी वेळेवर आली आहे, तोंवर जुनीं पानें उलटण्याचें कारण पडत नाहीं. ती उपयोगी पडते ती ज्या रात्रीं पाऊस थांबत नाहीं आणि मन म्हणतें कीं देवानें आपल्याला टाकलें, त्या रात्रीं. तेव्हां तें पान पुढच्या संकटाचें उत्तर देत नाहीं. आपल्याच हस्ताक्षरांत तें इतकेंच दाखवितें कीं, पूर्वींहि एकदां असेंच वाटलें होतें, आणि त्या रात्रीनंतर सकाळ झाली होती. कोणी तरी दार ठोठावलें होतें.

अंबरनाथच्या प्राचीन शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख आहे. सुमारें साडेनऊशें वर्षांपूर्वीं कोणाला तरी वाटलें कीं आपण काय केलें हें पुढच्यांना कळावें, म्हणून त्यानें तें दगडावर कोरविलें. देवानें काय केलें हें पुढच्यांना कळावें असें ज्या कुटुंबाला वाटतें, त्याला शिळा वा टांकी यांची गरज नाहीं. जेवणानंतर घटकाभर बसावें, आणि एखाद्या मुलानें विचारलें कीं पुराच्या वर्षीं आपल्याकडे काय झालें होतें, तर काम बाजूला ठेवून तें त्याला सांगावें: पाणी कोठवर आलें होतें, शेजारचें कोण गेलें, आपल्याला हात देऊन वर कोणीं घेतलें, आणि मग सर्वांनीं मिळून काय केलें. त्यांतलें कांहीं गाळूं नये.